खिरेश्वर ते पाचनई: स्वस्त सामानानिशी हरिश्चंद्रगड

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघे खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो, एक रात्र वर काढली आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरलो. गड मला नवा नव्हता, ही माझी पाचवी खेप होती. नवे होते ते सामान. माझ्या, माझ्या मेहुण्याच्या आणि सोळा वर्षांच्या भाच्याच्या अंगावर व पाठीवर जे काही होते, ते जवळजवळ सगळे क्रीडासाहित्याच्या एका मोठ्या दुकानातून, त्या दुकानाच्या स्वतःच्या छापाचे आणि प्रत्येक प्रकारातले सर्वांत स्वस्त किंवा फार तर त्याच्या वरच्या पायरीचे असे घेतलेले होते. चौथा गडी म्हणजे माझा महाविद्यालयापासूनचा मित्र. परदेशी फेऱ्यांमध्ये एकेक करून जमवलेले नामांकित सामान घेऊन तो आला होता, त्यामुळे तुलना मुद्दाम करावी लागली नाही.

माझ्या एकट्याच्या खरेदीचा हिशेब असा होता: ४० लिटरची सॅक २,००० रुपये, बूट १,८००, स्लीपिंग बॅग १,५००, रेनकोट १,१००, हेडटॉर्च ६००, काठी ५००, आणि पॉलिस्टरचे दोन टी-शर्ट मिळून ४००. एकूण ७,९०० रुपये. दोन माणसांच्या तंबूचे ४,५०० रुपये वेगळे, पण ते मी आणि मेहुण्याने वाटून घेतले. मित्राचा एकटा रेनकोट १८,००० रुपयांचा, म्हणजे माझ्या साऱ्या संसाराच्या दुपटीहून महाग होता.

खिरेश्वरला जाण्यासाठी कल्याणहून माळशेज घाटमार्गे आळेफाट्याकडे जाणारी एसटी पकडावी आणि घाट चढून गेल्यावर खुबी फाट्याला उतरावे. तेथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून सुमारे पाच किलोमीटर चालत गावात पोहोचता येते. पावसाळ्यात माळशेज घाटात दरडी कोसळतात, म्हणून निघण्यापूर्वी घाट सुरू असल्याची खात्री करून घ्यावी. आम्ही पहाटे गावात चहा घेतला आणि सात वाजता वाटेला लागलो. तेव्हा पाऊस नव्हता, मात्र डोंगराची वरची निम्मी बाजू ढगात होती आणि हवा इतकी दमट होती की पहिल्या अर्ध्या तासातच टी-शर्ट पाठीला चिकटले. या टी-शर्टांविषयी एवढेच सांगतो की ते पिळून अंगावर घातले की तासाभरात वाळतात, आणि सह्याद्रीत कपड्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. सुती कपडे, आणि त्यातही जीन्स, घालून येणाऱ्यांची दया येते.

तोलार खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी पोहोचेपर्यंत पावसाने गाठले आणि पहिली परीक्षा रेनकोटाची झाली. माझ्या रेनकोटाच्या चिठ्ठीवर २,००० मिलिमीटर असा आकडा होता. त्याचा अर्थ असा की त्या कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तर तेवढ्या दाबापर्यंत पाणी आत झिरपत नाही. मित्राच्या रेनकोटावरचा आकडा याच्या दहापट होता, शिवाय त्यातून घामाची वाफ बाहेर जाते असा त्याचा लौकिक होता. दीड तास मुसळधार पावसात चालल्यावर आम्ही दोघांनीही रेनकोट काढून पाहिले. माझ्या खांद्यांवर, जेथे सॅकचे पट्टे कापडावर दाबून बसतात तेथे, ओल आत आली होती. मित्राचे खांदे कोरडे होते. पण पाठ, छाती आणि बाह्या दोघांच्याही सारख्याच चिंब होत्या आणि ते पाणी पावसाचे नव्हते, घामाचे होते.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. वाफ बाहेर सोडणारे कापड आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या दाबातील फरकावर चालते. बाहेर थंड आणि कोरडी हवा असेल तर आतली वाफ जोराने बाहेर जाते. बाहेरची हवाच वीस-बावीस अंशांची आणि बाष्पाने भरलेली असेल, तर वाफेला जायला वाव राहत नाही. त्यातून कापडाचा वरचा थर पाण्याने भिजून जड झाला की उरलासुरला मार्गही बंद होतो. म्हणजे ज्या गुणासाठी सतरा हजार रुपये अधिक मोजले, तो गुण आपल्या पावसाळ्यात बराचसा झोपलेलाच असतो. हिमाचलात किंवा उत्तराखंडात बर्फाळ वाऱ्यात तोच रेनकोट आपली किंमत वसूल करील, याविषयी मला शंका नाही. सह्याद्रीत मात्र स्वस्त रेनकोट किंवा सॅकसकट अंग झाकणारा साधा पोंचो पुरतो. पोंचोच्या खालून वारा खेळतो, हा त्याचा अधिकचा फायदा. मात्र कड्याकाठच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, तेव्हा कमरेला दोरी बांधावी. आम्ही खिंडीत कापडांची चर्चा करत उभे असताना, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेतलेला आणि रबरी बूट घातलेला एक गावकरी दुधाचा कॅन घेऊन आमच्या शेजारून वर गेला. तो आमच्यापेक्षा कोरडा होता.

सॅकच्या आतले सामान कोरडे ठेवण्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. सॅकवर घालायचे आवरण स्वस्त असो वा महाग, पाठीच्या बाजूने ओघळणारे पाणी ते अडवू शकत नाही. सॅकमध्ये आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी उघडून बसवावी, सगळे सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून दुमडावे. वीस रुपयांच्या या उपायाने आम्हा तिघांच्या स्लीपिंग बॅगा कोरड्या राहिल्या, आणि केवळ आवरणावर विसंबलेल्या मित्राची तळाशी ठेवलेली बॅग ओली झाली.

खिंडीतून डावीकडे वळणारी वाट रॉक पॅचवर, म्हणजे उघड्या कातळाच्या चढावर, येते. येथे लोखंडी कठडे बसवलेले आहेत, तरीही ओल्या कातळावर शेवाळ असल्यामुळे पाय सांभाळून टाकावा लागतो, आणि या संपूर्ण प्रवासातली खरी परीक्षा येथे बुटांची झाली. सह्याद्रीचा खडक बेसॉल्टचा आहे. कोरडा असताना तो उत्तम पकड देतो, पण ओला आणि शेवाळलेला असताना त्याच्यावर कोणत्याही कंपनीचा बूट घसरतो. फरक पडतो तो रबराच्या मऊपणाने. खोल खाचांचे टणक तळवे चिखलात छान रुततात, पण कातळावर त्यांचे टेकणारे क्षेत्र कमी असते आणि टणक रबर खडकाच्या खरखरीत पृष्ठभागाला धरत नाही. दुकानात बूट घेताना तळव्यात अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख किंचित रुतले तर बूट घ्यावा, काचेवर दाबल्यासारखे वाटले तर खाली ठेवावा. माझे १,८०० रुपयांचे बूट या कसोटीत बरे उतरले होते आणि कातळावरही बरे चालले. मेहुण्याने त्याच दुकानातले १,००० रुपयांचे घेतले होते. ते रॉक पॅचवर दोनदा सुटले आणि दुसऱ्या वेळी कठडा हाताशी होता म्हणून निभावले. माझ्या मते ८०० रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. स्वस्तातच घ्यायचे असेल, तर सह्याद्रीत वर्षानुवर्षे वापरले जाणारे ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट किंवा कॅनव्हासचे हंटर शूज अधिक विश्वासाचे आहेत.

पाणी आत येऊ न देणारे बूट पावसाळ्यात घेऊ नयेत, हेही येथेच सांगून टाकतो. ओढ्यात घोट्यापर्यंत पाय गेला की पाणी वरून शिरते आणि मग ते बाहेरही जात नाही. जाळीदार कापडाचा बूट भिजतो, पण दहा पावलांत पाणी बाहेर टाकतो. पाय दिवसभर ओले राहणारच असे धरून सकाळी तळव्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे आणि रात्रीसाठी मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळा बांधून ठेवावा.

आणि आता मित्राच्या बुटांची कथा. रॉक पॅच संपून पठारावरचे चढउतार सुरू झाले तेव्हा त्याच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून उघडला, आणि पंधरा मिनिटांत टाचेपर्यंत सुटला. बूट महागडे होते, सहा वर्षांपूर्वी घेतलेले आणि जेमतेम चार वेळा वापरलेले. उरलेला काळ ते त्याच्या मुंबईतल्या घरी कपाटात खोक्यात होते, आणि घात तेथेच झाला. अनेक चांगल्या बुटांच्या तळव्यातील उशीचा थर पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचा असतो. दमट हवेतील बाष्पाने त्याचे हळूहळू विघटन होते आणि काही वर्षांनी तो बिस्किटासारखा भुगा होतो, मग बूट वापरलेला असो वा नसो. स्वस्त बुटांत बहुधा असणारी ईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमची उशी लवकर दबून जाते, पण अशी भुगा होत नाही. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी जुने बूट घालून निघण्यापूर्वी तळव्याचा कडेचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. भेगा दिसल्या किंवा पापुद्रे सुटले तर ते बूट गडावर नेऊ नयेत. आम्ही तो तळवा नायलॉनच्या सुतळीने आणि चिकटपट्टीने बांधला, आणि मित्र तशाच अवस्थेत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत आला. पाच मीटर सुतळी आणि बाटलीभोवती गुंडाळून ठेवलेली रुंद चिकटपट्टी ही दोन्ही वजनाने नगण्य आहेत, ती सोबत असावीतच.

मंदिरापाशी आम्ही दुपारी एकच्या सुमारास पोहोचलो. पिठले-भाकरी वर मिळते, त्यामुळे स्टोव्ह नेण्याची गरज नाही. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात उतरण्याचा मोह फक्त भाच्याला झाला. संध्याकाळी कोकणकड्यावर ढग क्षणभर फाटले आणि खाली कोकणाचा हिरवा पट्टा दिसला, पुन्हा मिटला. कड्याच्या काठापाशी तंबू लावू नये, कारण कोकणातून वर उसळणारा वारा तेथे थेट अंगावर येतो. आम्ही मंदिराच्या बाजूला, उंचवट्याच्या आडोशाला जागा निवडली. मुक्कामाचे आणि प्रवेशशुल्काचे नियम मात्र निघण्यापूर्वी गावात विचारून घ्यावेत, कारण हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

पठारावर मातीचा थर पातळ आहे. तंबूसोबत आलेल्या बारीक तारेच्या खुंट्या दोन बोटे आत गेल्या आणि कातळाला लागून वाकल्या. आम्ही दोऱ्या दगडांना बांधल्या, आणि शोधत बसलो असतो तरी याहून चांगला उपाय मिळाला नसता. रात्री दोनच्या सुमारास वाऱ्याच्या एका झोताबरोबर कडकन आवाज झाला आणि तंबूची एक बाजू माझ्या तोंडावर आली. स्वस्त तंबूंच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात. ॲल्युमिनियमची काठी वाकते आणि पुन्हा सरळ करता येते, फायबरग्लासची उभी चिरते आणि तिची कुसे हातात रुततात. मी जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळीचा वीतभर तुकडा याचसाठी नेला होता. तो चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि सकाळपर्यंत तंबू उभा राहिला. पाऊस आत आला नाही, पण आतल्या छतावर आमच्याच श्वासाचे दव धरले आणि पहाटे थेंब गळू लागले. वाऱ्याच्या भीतीने आम्ही झडपा बंद ठेवल्या होत्या, ती चूक आमचीच. मला विचाराल तर या गडावर विकतचा तंबू नेण्याची आवश्यकताच नाही. गावकरी वर तंबू भाड्याने देतात आणि साडेतीन किलो वजन पाठीवरून उतरते.

स्लीपिंग बॅगेवर १५ अंश असे लिहिले होते आणि रात्रीचे तापमान अंदाजे सतराच्या आसपास असावे. झोप छान लागली. डिसेंबर-जानेवारीत याच पठारावर पारा बराच खाली जातो, तेव्हा हीच बॅग घेऊन जायचे तर आत लोकरीचा स्वेटर आणि खाली चांगली कॅरीमॅट, म्हणजे अंथरायची फोमची चटई, हवी. बॅगेवर दोन आकडे असतील तर त्यांतला जास्त तापमानाचा आकडा आरामाचा समजावा. कमी तापमानाचा आकडा कुडकुडत रात्र काढण्याचा असतो.

काठीविषयी एक तक्रार आहे. माझी ५०० रुपयांची काठी पिळून घट्ट करायच्या प्रकारची होती, आणि पाचनईच्या उतारावर भार पडताच ती दोनदा आत सरकली. उतरताना जिच्यावर विसंबायचे ती काठी अशी दगा देत असेल तर तिच्यापेक्षा बांबू बरा. खटक्याची पकड असलेली काठी थोडी महाग मिळते, तीच घ्यावी. हेडटॉर्चबद्दल लिहिण्यासारखे काही घडले नाही, म्हणजेच ती उत्तम होती.

पाचनईची वाट सोपी आहे, ओढ्यालगतच्या कपारीखालून जाते आणि दोन-अडीच तासांत गावात उतरवते. तेथून राजूरला जाणारी वाहने मोजकी असतात, म्हणून दुपारी बाराच्या आत खाली पोहोचण्याचा हिशेब ठेवावा. अर्ध्या उतारावर भाच्याच्या सॅकचा खांद्याचा पट्टा वरच्या शिवणीतून उसवला. कापड धडधाकट होते, बक्कल शाबूत होते; फक्त ज्या ठिकाणी सगळा भार येतो तेथे कारखान्यात एकेरी शिवण मारलेली होती. उरलेली वाट आम्ही ती सॅक आळीपाळीने एका खांद्यावर वाहिली.

घरी आल्यावर तंबू दोन दिवस पंख्याखाली पसरून वाळवला, कारण ओला गुंडाळून ठेवला की त्याच्या आतला थर चिकट होऊन सुटू लागतो. सॅक घेऊन मी ठाणे स्थानकाबाहेर बसणाऱ्या चांभाराकडे गेलो. त्याने मेणाच्या जाड दोऱ्याने दुहेरी टीप मारून चाळीस रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी मी माझी आणि मेहुण्याची, न फाटलेल्या, दोन्ही सॅका त्याच्याकडे नेऊन दिल्या.