साधा ऑडिओ एडिटर पुरेल की मल्टिट्रॅक शिकावं?

"ऑडॅसिटीवर भागेल की सरळ रीपर शिकू?" असं बरेच जण विचारतात (ऑडॅसिटी हा साधा ऑडिओ एडिटर, तर रीपर म्हणजे वेगवेगळे आवाज वेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, ठेवून काम करायचा मल्टिट्रॅक प्रोग्रॅम), आणि बहुतेकांच्या डोक्यात ट्रॅक किती मिळतात एवढाच हिशोब असतो. पण ऑडॅसिटीत पण एकाखाली एक भरपूर ट्रॅक लागतात की. मी आधी हे बघते की केलेला बदल नंतर मागे घेता येतो का.

ओसेनऑडिओसारख्या साध्या एडिटरमध्ये फाइल उघडायची, मधला खोकला सिलेक्ट करायचा, डिलीट, सेव्ह, विषय संपला. बदल थेट त्या आवाजावरच होतो, त्यामुळे सेव्ह करून फाइल बंद केली की अनडू पण गेलं. एकाच आवाजाचं काम असेल, भाषण, व्हॉइसओव्हर वगैरे, तर याच्याइतकं झटपट काही नाही. फक्त कापताना झूम करून लाट मधल्या रेषेला जिथे छेदते तिथेच कापा, नाहीतर जोडावर 'टक्' असा आवाज येतो आणि हेडफोनवर तो फार खटकतो.

रीपर, आर्डर अशा मल्टिट्रॅक प्रोग्रॅमचं गणितच वेगळं. मूळ रेकॉर्डिंग डिस्कवर जसंच्या तसं राहतं आणि तुम्ही कुठे कापलं, कुठे फेड दिला (आवाज हळूहळू चढवला-उतरवला), रिव्हर्ब म्हणजे घुमारा किती ठेवला हे सगळं प्रोजेक्ट फाइलमध्ये नुसत्या सूचना म्हणून जातं, त्यामुळे समजा मुलाखतीखाली म्युझिक आहे आणि आठवड्याने वाटलं की पाहुणे बोलताना ते जरा खाली हवं, तर तेवढीच व्हॉल्यूमची रेघ खाली ओढायची. हेच जर दोन्ही मिसळून एक फाइल करून ठेवली असेल तर बसा सगळं पहिल्यापासून करत!

ऑडॅसिटीनेही 2022 मध्ये 3.2 व्हर्जनला रिअलटाइम इफेक्ट आणले, म्हणजे वाजत असतानाच इफेक्ट कमीजास्त करता येतो, त्यामुळे दोघांमधली सीमा आता तितकी ठळक राहिली नाही. पण ट्रॅक ऐकत त्यावर गायचं असेल तर मी अजूनही मल्टिट्रॅकच सांगेन. तिथे बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा घेऊन काम करतो ते, हाताशी असतो; तुकडा मोठा तितका आवाज उशिरा येतो. 44.1 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 6 मिलिसेकंद, 1024 केला की 23 च्या आसपास, आणि जाता-येता मिळून एवढ्या उशिराने स्वतःचा आवाज कानात आला की चांगला गाणारा पण लयीतून सुटतो. शिवाय एकच ओळ बिघडली तर पंच-इन करून, म्हणजे फक्त तेवढ्या जागी रेकॉर्डिंग सुरू करून, तेवढीच परत गाता येते, बाकीच्या रेकॉर्डिंगला हात लागत नाही.

मी दोन्ही वापरते. पंख्याची घरघर आधी एडिटरमध्ये काढते (मूळ फाइलच्या कॉपीवर, हे पक्कं) आणि मग ती फाइल मल्टिट्रॅकमध्ये घेते. आणि हो, मधल्या टप्प्यात डब्ल्यूएव्हीच ठेवा, एमपीथ्री दर वेळी सेव्ह करताना थोडी क्वालिटी खाते.