थंड असताना गप्प, तापली की थरथर

मंडळी, गाडीला नवा एक्झॉस्ट (इंजिनचा धूर मागे नेणारी नळी) बसवून महिना होत आला. आवाज कसा आहे विचाराल तर फक्कड. पण स्टिअरिंगमध्ये, सीटखाली आणि आरशात जी थरथर शिरली होती तिने जीव खाल्ला. आता बरीचशी गेली आहे. कुठे कुठे चुकलो तेही लिहितो, कारण निम्मा वेळ त्यातच गेला.

गाडी जुनी पिकअप, पेट्रोल, आठ सिलिंडर, सहा गिअर, चेसिस वेगळी आणि केबिन वेगळी. कॅटलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याला) हात लावला नाही, त्याच्या मागचं सगळं बदललं. नळी तीन इंची, 304 जातीच्या स्टेनलेसची. हँगरच्या (नळी चेसिसला टांगणाऱ्या आकड्यांच्या) जुन्या रबरांना तडे गेले होते म्हणून त्यांच्या जागी पॉलीयुरेथेनचे कडक तुकडे टाकले. मजबूत दिसले, घेतले.

पहिला रविवार

बसवण्यात विशेष काही नाही. जुने बोल्ट गंजलेले, रात्रभर तेल सोडून ठेवलं तेव्हा निघाले. संध्याकाळी चक्कर मारली. पहिली वीस मिनिटं गाडी लोण्यासारखी. मग सहाव्या गिअरमध्ये ताशी 95 किमीच्या आसपास स्टिअरिंग बारीक झिणझिणायला लागलं. धाकटा भाऊ शेजारी होता. "दादा, आरशात मागचा ट्रक दोन दोन दिसतोय," म्हणाला.

पहिला आठवडा (वाया)

ठरावीक वेगाला थरथर म्हटल्यावर डोकं आधी चाकांकडे आणि प्रोपेलर शाफ्टकडे (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याकडे) जातं. चारही चाकं बॅलन्स केली. शाफ्टचे क्रॉस (सांधे) हलवून पाहिले, घट्ट होते. फरक शून्य.

जी चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती शनिवारी केली. तोच 95 चा वेग, पण पाचवा गिअर: थरथर गायब. पाचव्यातच 75 वर आलो: परत हजर. दोन्ही वेळा इंजिनचा काटा मिनिटाला 1750 फेऱ्यांवर. चाकं आणि शाफ्ट गाडीच्या वेगाशी बांधलेले असतात, एक्झॉस्ट इंजिनच्या फेऱ्यांशी. पाच मिनिटांचं काम होतं.

मंगळवार: मोबाइलने फसवलं

कंपनाचा आलेख काढणारं ॲप घेतलं, मोबाइल सीटच्या रुळाला चिकटपट्टीने बांधला. आलेखात 17 हर्ट्झला (सेकंदाला 17 कंपनांना) उंच टोक. आता हे 17 कशाचं? 95 ला माझं चाक सेकंदाला साधारण साडेदहा फेरे मारतं, शाफ्ट सदतीसच्या आसपास, आणि 1750 ला इंजिन 29. सतरा कशातच बसेना. दोन रात्री कागदावर हिशेब मांडत बसलो.

मग ॲपच्या सेटिंगमध्ये दिसलं की सेन्सर सेकंदाला 100 च नोंदी घेतोय. म्हणजे 50 हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसतच नाही, वरचं काही आलं की ते दुमडून खाली कुठेतरी उमटतं. फोर-स्ट्रोक आठ सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला चार स्फोट. 1750 भागिले 60 गुणिले 4, म्हणजे 117 हर्ट्झ. त्यातून शंभर वजा करा. हाच तो सतरा! मायक्रोफोन सेकंदाला 44,100 नोंदी घेतो, त्याने मोजलं तर टोक बरोबर 117 ला. ज्यांच्याकडे असं ॲप आहे त्यांनी आधी नोंदींचा वेग तपासा.

पुढचा रविवार: फॉइल

आता एवढं नक्की झालं की इंजिनचे ठोके कुठूनतरी थेट चेसिसमध्ये जातायत. नळी कुठेतरी टेकत असणार. पण गाडीखाली शिरून पाहिलं (फक्त जॅकवर नाही, चेसिसखाली स्टँड लावूनच), तर सगळीकडे बोट जाईल एवढी फट. मफलर (आवाज दाबणारा डबा) हाताने हलवला, मोकळा हलला. काहीच टेकत नव्हतं.

मग वीस मिनिटांची गोष्ट आठवली. थरथर थंड गाडीत कधीच नव्हती.

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे सैल गोळे केले आणि जिथे जिथे नळी लोखंडाजवळून जाते तिथे फटीत अडकवले. अर्धा तास गाडी पळवली, पूर्ण गार होऊ दिली आणि गोळे काढून पाहिले. पाचपैकी चार जसेच्या तसे. मागच्या ॲक्सलवरून नळी वळते तिथल्या क्रॉस मेंबरपाशी (चेसिसच्या आडव्या तुळईपाशी) मात्र गोळ्याचा पापड झाला होता, आणि त्यामागे नळीवर नखाएवढा चकचकीत घासलेला डाग. थंड असताना तिथली फट 12 मिमी होती.

हिशेब सोपा आहे. पुढच्या फ्लँजपासून (बोल्टच्या जोडापासून) त्या वळणापर्यंत नळी 2.8 मीटर. 304 स्टेनलेस एका मीटरमागे दर अंशाला सुमारे 0.017 मिमी वाढतं. नळी सरासरी 280 अंशांनी तापते असं धरलं तर वाढ 13 मिमी. फट बारा, वाढ तेरा! गाडीबरोबर आलेली नळी दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसची, लोहचुंबक चिकटणारी. ती 0.011 च्या आसपास वाढते, म्हणजे तेवढ्याच लांबीला नऊ मिमीसुद्धा नाही. नवीला चुंबक धरतच नाही. लोखंड म्हणून दोन्ही सारखी दिसली तरी तापल्यावर दीडपटीचा फरक.

चूक माझीच होती. मी क्लॅम्प मागून पुढे आवळत आणले होते, तेही ॲक्सल हवेत लटकत असताना. या वेळी चाकं रॅम्पवर, म्हणजे कमानपाट्यांवर गाडीचं वजन. सगळे क्लॅम्प ढिले केले, नळी पुढच्या जोडात 12 मिमी आणखी आत सरकवली आणि फ्लँजपासून सुरुवात करून एकेक जोड मागे मागे आवळत गेलो. हँगर थंड असताना किंचित पुढे कललेले ठेवले, नळी वाढली की सरळ होतात. यू-बोल्ट काढून रुंद पट्ट्याचे क्लॅम्प लावले, कारण यू-बोल्ट एकदा आवळला की नळी चेपते आणि नंतर जोड सरकवायचा म्हणजे मारामारी. शेवटी जोडांवर साबणाचं पाणी मारून गळती पाहिली. ही पायरी टाळू नका, केबिनखाली गळणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

थंड फट 24, फॉइलवर गरम असतानाची 11. स्टिअरिंगची झिणझिण गेली. सीटखाली थोडी उरली.

तिसरा आठवडा: ते मजबूत तुकडे

उरलेली सीटखालची थरथर पॉलीयुरेथेनने आणली होती. टांगलेल्या नळीची स्वतःची लय जेवढी कमी तेवढं चांगलं, कारण इंजिनचे ठोके त्या लयीच्या साधारण 1.4 पटीच्या वर गेल्यावरच हँगर कंपन अडवायला लागतो. कडक तुकडा ती लय वर नेतो. नवे साधे रबर टाकले, मऊ आणि स्वस्त. निम्मी थरथर जागेवर गेली.

बाकीची शेडमध्ये सापडली. जुनी नळी भंगारात द्यायला उचलली तर मागच्या टोकाजवळ पट्ट्याने बसवलेला लोखंडाचा ठोकळा. काट्यावर 1.4 किलो. इतकी वर्षं मला तो टांगण्याचाच भाग वाटत होता. ते डॅम्परचं, म्हणजे नळीचा नाच शमवणारं वजन होतं, मी जुन्या नळीबरोबर फेकायला निघालो होतो. काढला आणि नव्या नळीवर क्लॅम्पने बांधून पाहिला. मफलरच्या अगदी मागे लावला तर काडीचाही फरक नाही. तिथून 40 सेंमी मागे सरकवल्यावर सीट शांत. नळी जिथे जास्तीत जास्त नाचते तिथेच वजनाचा उपयोग. न हलणाऱ्या जागी ते नुसतं ओझं. भाऊ हॅंडब्रेक लावलेल्या गाडीत 1750 धरून बसला होता आणि मी लांब लाकडी दांडा नळीला टेकवून नाच शोधत होतो.

सध्या

हाताला आता काही लागत नाही. कानाला लागतं: 1750 ला केबिनमध्ये घुमतं. हे लोखंडाचं नाही, नळीतल्या हवेचं, त्यामुळे रबर आणि वजनं इथे उपयोगी नाहीत. बाजूला एक बंद तोंडाची नळी जोडायची, लांबी ध्वनिलहरीच्या पावपट. 300 अंशाला ध्वनी सेकंदाला सुमारे 480 मीटर जातो, म्हणजे 117 हर्ट्झला 1.03 मीटर. पण बंद फाट्यातला वायू मुख्य नळीपेक्षा थंड असणार. 200 अंश धरले तर 93 सेंमी. दोन्हींत दहा सेंमीचा फरक आहे, म्हणून टोकाचं झाकण वेल्ड न करता सरकतं ठेवणार आहे. नळी कापून ठेवली आहे, जोड मारायचा बाकी आहे. फाटा चेसिसच्या डाव्या बाजूने न्यायचा विचार आहे, आणि या वेळी फॉइलचे गोळे आधी लावणार.