आमचे आण्णा मराठ्यात नव्हते

कोल्हापुरात कुठल्याबी लग्नात जावा, माजी सैनिक म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठली बटालियन?" म्हणजे मराठा, मराठा लाईट इन्फंट्री ही पायदळाची रेजिमेंट, तर धरूनच चाललेलं असतं, फक्त नंबर सांगायचा. आमचे आण्णा म्हणतात "सिग्नल", म्हणजे फौजेतली संदेशवहनाची कोअर. मग समोरच्याचा चेहरा असा होतो की मटणाला म्हणून बसवलं आणि ताटात दोडका आला. वर एखादा विचारतोच, "म्हंजे फोनवाले व्हय?"

२४ वर्षं नोकरी करून २००८ ला हवालदार म्हणून पेन्शनला आलेला माणूस हे ऐकून घेतो, मला लहानपणी याचा लई राग यायचा. म्हणजे खरं सांगायचं तर राग लोकांचा कमी आणि आण्णांचाच जास्त यायचा, की तुम्ही पण जायचं होतं की मराठ्यात, आमची शाळेत तेवढीच हवा झाली असती.

झालं असं की १९८४ ला आण्णा आणि त्यांचे जिगरी दोस्त, आम्ही त्यांना सुभेदार काका म्हणतो, एकाच दिवशी भरतीला पळाले आणि दोघंबी बसले. काका जीडी, म्हणजे जनरल ड्युटीचे शिपाई, ते गेले बेळगावला मराठ्याच्या सेंटरला. आण्णांचं गणित बरं होतं म्हणून त्यांना टेक्निकलला काढलं आणि सिग्नलच्या ट्रेनिंग सेंटरला पाठवलं, ते सेंटर नेमकं गोव्यात, पणजीला. आता १९८४ सालात करवीर तालुक्यातल्या गावात हे कुणाला पटायचं? आजोबांना लोक विचारायचे, पोरगं फौजेत गेलंय का मजा करायला गेलंय. आजी वर्षभर शेजारणीला "बेळगावच्या पुढं हाय" एवढंच सांगत होती.

काकांचं बरं होतं. त्यांच्या पाठीशी सगळा इतिहास उभा. १७६८ ची जंगी पलटण, १७६९ ची काळी पाचवी या मराठ्याच्या जुन्या बटालियन, दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, ही नावं त्यांना नातवंडांच्या नावासारखी पाठ. ४ फेब्रुवारीला मराठा दिन, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो दिवस, त्या दिवशी काका सकाळी सातलाच इस्त्रीचा शर्ट घालून कट्ट्यावर हजर. आणि कोल्हापूरकर म्हणून त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे आपल्या संस्थानाची राजाराम रायफल्स, ती स्वातंत्र्यानंतर मराठ्यातच आली आणि १९ मराठा झाली. हे सांगून झालं की काका आण्णांकडं बघतात, बोल आता.

आण्णांचं म्हणणं, आमचा पण दिवस आहे, १५ फेब्रुवारी, १९११ साली कोअर उभी राहिली. त्या दिवशी घरात शिरा होतो. बोधवाक्य 'तीव्र चौकस'. आईचं यावर ठरलेलं, "तीव्रचं म्हाईत न्हाई, चौकस तर हायच, अख्ख्या गल्लीच्या चौकश्या यांच्याकडं."

फौजेत मराठ्याच्या जवानाला सगळे 'गणपत' म्हणतात आणि सिग्नलवाल्याला 'जिमी', कारण त्यांच्या टोपीच्या बिल्ल्यावर तो पायाला पंख असलेला, एका पायावर उभा असलेला मर्क्युरी देव आहे त्याचं लाडाचं नाव जिमी. तर हे दोघं साठीला आले तरी कट्ट्यावर एकमेकांना गणपत आणि जिमी अशाच हाका मारतात. गल्लीतल्या बारक्या पोरांना आण्णांचं खरं नाव माहितीच नाही, "जिमी आजोबा हाईत का घरात?" म्हणून बॉल मागायला येतात.

मला अक्कल आली ती बऱ्याच उशिरा, एकदा लाईट गेल्यावर. इन्व्हर्टर नव्हता, मोबाईलची बॅटरी संपलेली, मग बोलत बसलो. मी सहज विचारलं की तुम्ही सिग्नलमध्ये लाईनमन होता, म्हणजे नक्की करायचं काय. तर म्हणाले, पोस्टपासून पोस्टपर्यंत केबल टाकायची, जमिनीवरनं, दगडातनं, बर्फातनं. गोळा पडला की केबल तुटती. फोन मुका झाला की दोघांनी निघायचं, रात्र असली तरी, बॅटरी लावायची नाही. एकानं केबल मुठीत धरून चालायचं, हातातनं सरकवत सरकवत. मध्ये मध्ये थांबून वायर जरा सोलायची, टेस्टचा फोन जोडायचा, हँडल फिरवायचं. मागच्या पोस्टनं उचलला म्हणजे इथवर लाईन चांगली, तुटलंय ते पुढं. पुन्हा चालायचं. असं करत करत एका जागी मूठ अचानक मोकळी होते. मग गुडघ्यावर बसून दुसरं टोक चाचपडायचं.

हे सांगताना त्यांनी टेबलफॅनची वायर हातात घेतलेली, ती अंधारातच नुसत्या अंगठ्यानं चाचपत होते. मी विचारलं, आणि दुसरं टोक नाही घावलं तर? "घावतंय की. घावल्याशिवाय यायचंच न्हाई." आणि पुढं म्हणाले की जोडल्यावर दोन्हीकडनं घंटी वाजती का बघायची आणि परत फिरायचं, कुणाला काय कळत पण नाही रात्रीत काय झालं, सकाळी साहेब फोन उचलतो आणि बोलतो बस.

लाईट आली तसा विषय बंद. फौजी माणसाकडनं गोष्ट काढायची म्हणजे एमएसईबीचीच कृपा लागते.

पण आण्णा काय साधुसंत नव्हेत. आमच्या मागच्या गल्लीत एएससीचे, म्हणजे फौजेला रेशन-सामान पोचवणाऱ्या कोअरचे, एक रिटायर्ड ड्रायव्हर आहेत, त्यांना आण्णा 'रेशनवाले' म्हणतात आणि ते पण त्याच टोनमध्ये ज्या टोनमध्ये लोक आण्णांना 'फोनवाले' म्हणतात! एकदा त्यांनी पण ऐकवलं, "जिमी, आमची गाडी वर आली नसती तर तुझा देव दोन पायांवर पण उभा राहिला नसता." कट्टा अर्धा तास हसत होता. मला वाटतं आपली पलटण मोठी वाटायला प्रत्येकाला शेजारी एक बारकी पलटण लागतेच, आणि गंमत म्हणजे बाहेरचा कुणी फौजेला नाव ठेवायला लागला की हेच तिघं एका बाकावर.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. गेल्या १५ ऑगस्टला माझ्या पोराच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता. पोरगं म्हणालं मी आजोबा होणार. महाद्वार रोडला गेलो, दुकानात सगळे ड्रेस छापील चट्ट्यापट्ट्याचे आणि टोपी हिरवी. आणलं घरी. आण्णांनी टोपी हातात घेतली, उलटीसुलटी केली, "ही गणपतची हाय" म्हणाले आणि बाजूला ठेवली. मग कपाटातनं स्वतःची गडद निळी बेरे काढली, ब्रासो लावून बिल्ला घासला, जिमी असा चमकला की विचारू नका. टोपी पोराच्या कानावर येत होती म्हणून आत 'सकाळ' पेपरची घडी घालून बसवली, मागनं सेफ्टी पिन.

शाळेत आण्णा आणि काका तिसऱ्या रांगेत. पोरगं स्टेजवर आलं, सॅल्यूट एकदम कडक मारला. आणि माईकवरच्या बाईंनी निळी टोपी बघून जोरात सांगितलं, "आणि हे आले आपले छोटे पोलीसकाका!"

आण्णा खुर्चीवरनं उठले. त्यांचा हात धरून खाली बसवायला मी वाकलो, तेवढ्यात शेजारनं सुभेदार काकाच उभे राहिले आणि परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडले, "सिग्नल हाय त्यो! सिग्नल!"