“काकू, प्रेशर आलं का?”

ज्या बाईला लघवी धरवत नाही म्हणून तपासणी करायची, तिलाच सांगतात, “लिटरभर पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका.” सोनोग्राफीचा हा नियम कळतो मला. मूत्राशय भरलेलं असलं की नीट दिसतं, मग लघवी करून आल्यावर आत किती उरली तेही मोजतात. पण माझं काय?

साडेनऊची वेळ, नंबर सातवा. काउंटरवरची मुलगी दर थोड्या वेळाने विचारी, “काकू, प्रेशर आलं का?” आलंय म्हटलं की, “धरा अजून जरा, एक इमर्जन्सी मध्ये घेतोय.” साडेदहाला तिसरा नंबर चालू. बाकासमोर पाण्याच्या कूलरचा नळ ठिबकत होता. त्याच्याकडे पाठ केली, पण कानांचं काय करणार? मग एका मुलाने बाटली भरायला तो पुरता सोडला आणि माझं संपलं. ओढणी पुढे धरून बाथरूम गाठली. परत आले तर, “आता परत भरायला लागेल. डॉक्टर दीडला जातात, उद्या या.”

रिक्षात अक्षरशः रडले.

दुसऱ्या दिवशी सरळ चिठ्ठी पुढे केली. “धरवत नाही हाच आजार आहे, वाचा.” तिने वाचलं आणि दोन नंबरांनंतर आत घेतलं. म्हणजे जमत होतं की! तुम्ही आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या, पाणी तिथे पोचल्यावर प्या, आणि पिशवीत एक सलवार असू द्या. लघवीनंतर माझ्या मूत्राशयात १५ मिली उरली होती, म्हणजे ते नीट रिकामं होत होतं.

बाकी तपासण्या पटापट झाल्या. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतुसंसर्ग नाही), साखर (नॉर्मल). डॉक्टरबाईंनी टेबलावर खोकायला लावलं, लगेच गळली. मी ओशाळले, त्या म्हणाल्या, “बरं झालं, दिसलं.” नळाचं सांगितलं तर तेही लिहून घेतलं. खोकताना-शिंकताना गळणं वेगळं आणि घाई होऊन वाटेतच सुटणं वेगळं. मला दोन्ही, म्हणजे मिश्र प्रकार. कारणं म्हणजे दोन नॉर्मल बाळंतपणं, त्यातलं पहिलं चिमटा लावून, वर पाळी गेलेली, वाढलेलं वजन आणि जुनी बद्धकोष्ठता. चार वर्षं घरीदारी “वय झालं” एवढंच ऐकत होते. बारीक नळी घालून मूत्राशयातला दाब मोजायची तपासणी मला सध्या नको म्हणाल्या, ऑपरेशनचा विचार असेल किंवा निदान अडलं असेल तेव्हा बघतात.

हो, डायरी राहिलीच. तीन दिवस काय प्यायले, किती वेळा गेले, किती झाली, कधी गळली, सगळं लिहायचं. ही भेटीच्या आधीच लिहून न्या, माझी एक फेरी वाचली असती. दिवसात अकरा वेळा जाणं आणि सहा कप चहा! चहाचं खरंच लक्षात नव्हतं. बीपीची पाण्याची गोळी (लघवी वाढवणारी) मी रात्री घेत होते, ती त्यांनी सकाळी करायला सांगितली. आता चहा दोन कप आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, निदान तीन महिने.

परवा एका मैत्रिणीला घेऊन तिथेच गेले होते. नळ अजून ठिबकतोय.