अडलेली एक सही

पाणबुडीवर नेमणूक झाली म्हणजे माणूस पाणबुडीवरचा झाला, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागेपर्यंत तो केवळ जागा अडवणारा उमेदवार असतो, आणि त्या बिल्ल्यासाठी त्याला सह्यांची एक वही पूर्ण करावी लागते. स्वेच्छेने दिलेला अर्ज, कानांची कसून तपासणी, विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन या नौदलाच्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रातील अभ्यासक्रम हे सारे वेळच्या वेळी पार पडले आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच सहीविषयी, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी ती मनातून गेलेली नाही.

माझी बोट सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातली. १९६७ ते १९७४ या काळात अशा आठ पाणबुड्या आपल्या नौदलात आल्या. लांबी सुमारे ९१ मीटर, आत सात कप्पे, एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला अंग चोरून पार करायचे गोल दार, आणि या नळकांड्यात पंचाहत्तरच्या आसपास माणसे. टॉर्पेडोंच्या शेजारी झोपायचे, गोडे पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास पुरले पाहिजे म्हणून आंघोळीचे नाव काढायचे नाही, आणि घरी गेल्यावर कपड्यांना येणाऱ्या डिझेलच्या वासावरून बोलणी खायची, या सगळ्याची सवय लवकर होते.

वहीचा नियम सोपा होता. प्रत्येक यंत्रणेचा नळ न नळ हाताने चाचपत शेवटापर्यंत जायचे, नंतर तिचा आराखडा आठवणीने काढून दाखवायचा आणि त्या यंत्रणेच्या प्रमुखाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, की सही मिळे. झडपांवरच्या पट्ट्या रशियन भाषेत असल्यामुळे वाचण्यापेक्षा हातानेच ओळख ठेवणे बरे पडे. दिवे गेल्यावर तेच कामी येते. पाण्याच्या टाक्या, उच्च दाबाची हवा, सुकाणू, टॉर्पेडोच्या नळ्या अशा सह्या भराभर जमल्या. राहिली ती बॅटरीच्या वायुवीजनाची.

खोल पाण्याखाली डिझेल इंजिने बंद असतात आणि बोट बॅटरीवर चालते. दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्याच्या जमिनीखाली शिशाच्या प्रचंड बॅटऱ्या असतात, आणि त्या चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून पंखे, नळ आणि झडपा यांची ती यंत्रणा प्रत्येकाला पाठ असायलाच हवी, याविषयी माझे दुमत नव्हते आणि आजही नाही. अडचण होती ती सही देणाऱ्या विद्युत विभागाच्या चीफची. चार्जिंग चालू असताना वही घेऊन गेलो की ते म्हणत, आता काम चालू आहे, मध्ये मध्ये करू नकोस. चार्जिंग संपल्यावर गेलो की म्हणत, आता पंखे बंद आहेत, तुला दाखवू काय? चार्जिंग बहुधा रात्री होई आणि सकाळी ते झोपलेले असत. बंदरात असलो तर ते किनाऱ्यावर, आणि समुद्रात असलो तर त्यांचा आणि माझा पहारा कधी जुळत नसे. माझ्यामागून आलेल्यांची वही दुसऱ्या चीफकडे होती, त्यांच्या छातीवर बिल्ले लागले. मी मात्र काखेत वही मारून चौथ्या कप्प्याच्या दाराशी उभा. ज्ञानाची परीक्षा कितीही कठोर असो, ती घ्यायची की नाही हे एका माणसाच्या लहरीवर ठेवणे मला तेव्हाही पटले नव्हते.

अखेर मी एका सहकाऱ्याशी पहाऱ्याची अदलाबदल केली. त्या रात्री स्नॉर्कलवर, म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या हवेच्या नळीवर, इंजिने चालवून चार्जिंग सुरू होते. लाटेने नळीची वरची झडप मिटली की इंजिने बोटीतलीच हवा ओढत आणि सर्वांच्या कानांत दडे बसत. विद्युत अधिकारी पाहणीला आले, तेव्हा त्यांच्यादेखत मी चीफना विनंती केली की पंखे चालू आहेत, तर आत्ताच विचारा. चीफनी विचारले, मी झडपेमागून झडप दाखवत गेलो, आणि त्यांनी कपाळाला आठ्या घालून सही केली. नंतरच्या तोंडी परीक्षेचे मला मुळीच भय वाटले नाही.

ज्यांना आज हा मार्ग धरायचा आहे, त्यांनी अर्ज करण्यापूर्वी विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावरची कुरसुरा पाहावी. त्याच वर्गातली ही बोट २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून वाळूवर उभी आहे. असे भाग्य फार थोड्या पाणबुड्यांच्या वाट्याला येते. बहुतेक निवृत्त बोटी सुटे भाग काढून घेतल्यावर भंगारात जातात, आणि कलवरी, खांदेरी ही नावे तेवढी माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुड्यांवर पुन्हा लागतात. कुरसुरावर पर्यटक फोटो काढत भराभर बाहेर पडतात. तुम्ही मात्र तेथील निवृत्त नौसैनिक वाटाड्याला गाठून एकच नळ निवडा आणि तो कोठून कोठे जातो हे विचारा. तो आनंदाने सांगेल, आणि त्याची सहीही लागणार नाही.

एक सांगायचे राहिले. वहीला प्लॅस्टिकचे वेष्टण पहिल्याच दिवशी घाला. शाईवर डिझेलचा हात लागला की अक्षर पसरते, आणि पुसट झालेली सही पुन्हा मागायला त्याच माणसाकडे जावे लागते.