फोकसचे कडे

आजचा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो, पक्ष्याचाही ओळखतो, आणि बटण अर्धे दाबताच फोकस नेमका त्या बुबुळावर नेऊन ठेवतो. धावपटूंचे किंवा एका जागी न टिकणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढणाऱ्यांसाठी हे वरदानच आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु छंद म्हणून फोटो काढणाऱ्याला एवढी घाई कसली? समोरचे झाड कुठे पळून जाणार नसते आणि त्याचा फोटो आज संध्याकाळपर्यंत कोणाला हवाही नसतो. अशा वेळी कॅमेऱ्याने सगळे परस्पर उरकून टाकले, की आपल्या वाट्याला बटण दाबण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, हाताने फोकस करायची लेन्स मी कॅमेऱ्याला लावतो ती एवढ्यासाठी. तिच्यामुळे फोटो अधिक चांगले येतात असा दावा मी करणार नाही, कारण बहुतेक वेळा ते तसे येत नाहीत. सुख आहे ते तिच्या कड्यात.

हे कडे धातूचे असते, बोटांना पकड मिळावी म्हणून त्यावर खाचा पाडलेल्या असतात आणि मीटर व फुटांचे आकडे त्यावर कोरून त्यांत रंग भरलेला असतो. ते फिरवले की आतल्या मळसूत्री आट्यांवरून काचांचा सगळा संच हळूहळू पुढे सरकतो. आट्यांमधले ग्रीस चांगले असेल तर ही हालचाल इतकी एकसारखी होते, की काहीतरी दाट आणि मऊ आपण कापत चाललो आहोत असे बोटांना वाटते. ग्रीस वाळलेले असेल तर मात्र कडे अडखळते आणि थंडीत तर हट्टालाच पेटते. अनंताच्या, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंच्या, खुणेवर पोहोचल्यावर ते ठाम थांबते. नव्या लेन्सवरही फोकसचे कडे असते, पण बहुतेकींमध्ये ते आतल्या मोटरला नुसता संदेश धाडते, त्यामुळे कितीही फिरवले तरी कुठे थांबत नाही आणि आपण कुठवर आलो हे बोटांना कळत नाही. जुन्या लेन्समध्ये जवळच्या टोकापासून अनंतापर्यंतचे सगळे अंतर अर्ध्या-पाऊण फेऱ्यात मावलेले असते, आणि काही दिवसांच्या सवयीनंतर चार-पाच हातांवरचा माणूस कड्याच्या कोणत्या वळणावर आहे हे न पाहताही उमगू लागते.

डोळा व्ह्यूफाइंडरला लावून कडे फिरवू लागले, की समोरच्या दृश्यातून स्पष्टतेचा एक पातळ पडदा पुढेमागे सरकताना दिसतो. 50 मिलिमीटरच्या लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे भोक, 1.4 वर पूर्ण उघडे असेल आणि समोरचा चेहरा एक मीटरवर असेल, तर या पडद्याची जाडी जेमतेम तीन सेंटिमीटर भरते. आधी नाकाचे टोक उजळते, मग पापण्या, मग कानाजवळची बट, आणि एवढ्यात पापण्या पुन्हा धूसर झालेल्या असतात. नेमकी जागा एका दमात कधीच सापडत नाही. ती ओलांडून पलीकडे जावे लागते, ओलांडल्याचे जाणवल्यावर मागे यावे लागते, आणि हे पुढेमागे जाणे कमी होत होत बोटे एका ठिकाणी थबकतात.

हे सगळ्यात सुंदर दिसते ते पाऊस पडून गेल्यावर खिडकीच्या काचेवर राहिलेल्या थेंबांत. थेंब काचेच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि पलीकडचे झाड त्याच्यात उलटे दिसते. आपल्याला वाटते की हे उलटे झाड थेंबाच्या आत आहे. पण थेंब ही स्वतःच एक छोटी भिंगासारखी लेन्स असते आणि तिने घडवलेली प्रतिमा थेंबाच्या अलीकडे, आपल्या बाजूला, काही मिलिमीटरवर तयार होते. शक्य तितक्या जवळ जाऊन, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून कडे फिरवले तर ही गोष्ट डोळ्यांनी पडताळता येते: आधी उलटे झाड स्पष्ट होते आणि थेंबाची कड विरघळलेली असते, मग केसभर वळण दिले की कड रेखीव होते आणि झाड पुसट होते, आणि आणखी बरेच फिरवल्यावर थेंब विरून पलीकडचे खरे, सरळ झाड उभे राहते. स्वयंचलित फोकस या तिन्हींपैकी एक जागा आपल्या मनाने निवडून मोकळा झाला असता, आणि मधला प्रवास दिसलाच नसता.

या लेन्स पुन्हा वापरात आल्या त्या सर्वांत नव्या तंत्रज्ञानाच्या कृपेने, ही गंमत मला फार आवडते. 1985 मध्ये मिनोल्टाने 7000 हा स्वयंचलित फोकसचा कॅमेरा आणला आणि काही वर्षांतच हाताने फोकस करायच्या लेन्स मागे पडल्या. 1987 मध्ये कॅननने लेन्स बसवण्याची रचनाच बदलली तेव्हा त्यांच्या एफडी मालिकेतल्या उत्तमोत्तम लेन्स एका फटक्यात पोरक्या झाल्या. अडचण अंतराची होती. प्रत्येक लेन्स ही फिल्मपासून किंवा सेन्सरपासून ठरावीक अंतरावर बसावी अशीच घडवलेली असते. 42 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी कॅमेऱ्यात फिरवून बसवायच्या लेन्सना हे अंतर सुमारे 45.5 मिलिमीटर लागते, तर कॅननच्या एफडी लेन्सना 42. नव्या कॅनन कॅमेऱ्यात ते 44 झाले, आणि त्या दोन मिलिमीटरांनी एफडी लेन्सना अनंत पारखे झाले. पुढे 2008 मध्ये पॅनासॉनिकच्या जी1 पासून आरसा नसलेले कॅमेरे आले. आधीच्या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरकडे दृश्य वळवणारा आरसाच गेल्यामुळे त्याच्यासाठी राखलेली जागा मोकळी झाली. सोनीच्या ई-माउंट या लेन्स बसवण्याच्या रचनेत तर हे अंतर अवघे 18 मिलिमीटर आहे. आता 42 मिलिमीटर आट्यांच्या लेन्ससाठी उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढायला फक्त एक पोकळ नळी पुरते. अडॅप्टर म्हणून जे मिळते ते एवढेच: आत काच नाही, तार नाही, दोन्ही टोकांना लेन्स व कॅमेरा अडकवण्याची सोय तेवढी. कॅमेऱ्याला मात्र पुढे काही लावले आहे याचा पत्ता नसतो, म्हणून लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे असे त्याच्या सेटिंगमध्ये एकदा सांगून ठेवावे लागते. फोटोसोबत ॲपर्चरची नोंदही राहत नाही. ती आपणच लक्षात ठेवायची, किंवा विसरायची.

मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस झालेल्या कडांवर रंगीत रेघा उमटवणारी एक सोय असते. ती मी बंदच ठेवतो. ॲपर्चर उघडे असताना या रेघा खऱ्या स्पष्टतेपेक्षा अधिक जाड पट्ट्यावर चमकतात, आणि वर त्या चमचमाटात समोरचा चेहरा पाहायचाच राहून जातो. दृश्याचा छोटा भाग मोठा करून पाहण्याची सोय त्यापेक्षा पुष्कळ भरवशाची आहे.

या विषयात रमलेल्या कोणाशीही बोलले तरी हेलिऑसचे नाव निघतेच. हेलिऑस 44 ही 58 मिलिमीटरची सोव्हिएत लेन्स, झाइस या जर्मन कंपनीच्या युद्धापूर्वीच्या बायोटार लेन्सच्या धर्तीवर बनलेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कसह इतरही कारखान्यांतून अमाप संख्येने बाहेर पडलेली. हिची ख्याती आहे ती पार्श्वभूमीत उठणाऱ्या भोवऱ्याची. पानांच्या फटींतून आलेले उजेडाचे ठिपके चौकटीच्या मध्यभागी गोल दिसतात, पण कडांकडे लेन्सची नळीच तिरप्या प्रकाशाचा काही भाग अडवते, त्यामुळे तिथले ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि मध्याभोवती फेर धरतात. पहिल्यांदा पाहताना माणूस हरखून जातो. पण हा भोवरा प्रत्येक फोटोत तसाच उठतो, आणि थोड्याच काळात समोर कोण उभे होते यापेक्षा मागे काय फिरत होते हेच लक्षात राहू लागते. जुन्या लेन्सच्या ‘स्वभावा’चे जे कौतुक चालते, त्यातले बरेचसे हे असे दोषांचे कोडकौतुक आहे असे माझे मत झाले आहे. ट्रायोप्लानसारख्या तीन काचांच्या लेन्समधून उमटणारे साबणाच्या फुग्यांसारखे ठिपके हाही गोलीय विपथनाचा, म्हणजे काचेच्या कडेचे आणि मध्याचे किरण एकाच जागी न मिळण्याच्या दोषाचाच प्रताप. हे दोष काढण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर आकडेमोड केली, त्यांना आपली ही आवड पाहून काय वाटले असते कोण जाणे.

हेलिऑसच्या 44-2 या प्रकारातली मला खरोखर भावलेली गोष्ट निराळीच आहे. तिच्यावर ॲपर्चरची दोन कडी आहेत. एकावर हवा तो आकडा आधी ठरवून ठेवायचा, आणि दुसरे कडे पूर्ण उघडून, भरपूर उजेडात फोकस साधून झाला की ते त्या ठरलेल्या आकड्यापर्यंत फिरवायचे. समोरून पाहिले तर आतली आठ पाती एकमेकींवरून सरकत भोक लहान करताना दिसतात. आजच्या कॅमेऱ्यात या व्यवस्थेची काहीही गरज उरलेली नाही, तरी हाताला ती आवडते.

सूर्यासमोर या लेन्स हमखास बावचळतात. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. चार गटांत बसवलेल्या सहा काचांना अशा आठ सीमा असतात, म्हणजे काचेवर परावर्तन कमी करणारा पातळ लेप नसेल तर चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया जातो आणि त्यातला काही आतल्या आत भटकत राहून चित्र फिके करतो. 1890च्या दशकात डेनिस टेलर या इंग्रज लेन्सरचनाकाराच्या ध्यानात आले होते, की जुनी होऊन काळवंडलेली काच नव्या लखलखीत काचेपेक्षा अधिक प्रकाश आत सोडते. तीन काचांची प्रसिद्ध रचना करणारे टेलर हेच. जाणूनबुजून तसा लेप चढवण्याची पद्धत झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये काढली. जुन्या लेन्ससोबत उन्हात फिरताना मी डावा हात फोकसला देतो आणि उजव्या बाजूने येणाऱ्या तिरिपेला टोपीची सावली धरतो.

विकत घेताना लेन्समधून बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहावा. बुरशीची जाळी लगेच दिसते आणि ती नको. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. पेंटॅक्सच्या 50 मिलिमीटरच्या काही सुपर-ताकुमार लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे आणि त्यामुळे काच काळाच्या ओघात चहासारखी पिवळी पडते. उन्हात काही दिवस ठेवली की हा रंग पुष्कळ उतरतो, पण कृष्णधवल फोटोंसाठी तो तसाच राहू द्यायलाही हरकत नाही. आभाळाची निळाई गडद करणारा पिवळा फिल्टर आयताच मिळतो.

आणि फोकस न करण्याची एक वेगळी मजाही याच लेन्समध्ये आहे. कड्याशेजारी ॲपर्चरच्या आकड्यांच्या जोड्या कोरलेल्या असतात, आणि कुठून कुठपर्यंतचे स्पष्ट येईल हे त्यावर वाचता येते. 28 मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर 8 आणि फोकस सव्वातीन मीटरवर, एवढे पूर्ण चौकटीच्या (35 मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावून ठेवले की सुमारे 1.65 मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. मग रस्त्यावरून चालताना कड्याला हातही लावायचा नाही; कॅमेरा उचलायचा आणि बटण दाबायचे. जगातला कोणताही स्वयंचलित फोकस याहून जलद असू शकत नाही, कारण इथे फोकस घरून निघतानाच झालेला असतो. उडत्या पक्ष्यापुढे मात्र यातली कोणतीच युक्ती चालत नाही. तिथे मी मुकाट्याने नवी लेन्स लावतो आणि डोळा ओळखण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवतो.