जड ट्रिगर आणि कापलेली स्प्रिंग

जुलैत ठाण्यात दुरुस्तीला येणाऱ्या रायफलींपैकी निम्म्या गंजाच्या असतात. ही त्यातली वाटली नाही. 4.5 मिमीची, बॅरल मोडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, साधी स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल. "सर, ट्रिगर फार जड आहे, पोराचं बोट दुखतं. पाचशेच्या आत काही होतंय का बघा," वडील म्हणाले. पॉइंट टू-टू काडतुसाची असती तर परत पाठवली असती. तिच्या दुरुस्तीला परवाना लागतो.

आधी ताण मोजला. बॅगा तोलायचा डिजिटल हुक-काटा या कामाला पुरतो. हुक ट्रिगरच्या मधोमध लावायचा आणि बॅरलला समांतर, सावकाश मागे ओढायचं. दर वेळी छर्रा भरून आणि नळी पेलेट ट्रॅपकडे (छर्रा अडवणाऱ्या पेटीकडे) धरून, कारण स्प्रिंग रायफल रिकामी उडवली की पिस्टन हवेच्या उशीविना आदळतो. दहा वाचनं 2.4 ते 3.6 किलोच्या दरम्यान आली. सरासरीपेक्षा मला हा पसारा जास्त खटकला. नुसता जड ट्रिगर दर वेळी सारखाच जड असतो. आकडे असे उड्या मारायला लागले की आत काहीतरी घासतंय असं समजायचं.

मग कॉक न करता ट्रिगर ओढून पाहिला: जेमतेम 200 ग्रॅम. ट्रिगरच्या परतीच्या स्प्रिंगचा वाटा एवढाच. उरलेला सगळा ताण सिअरवरच्या, म्हणजे कॉक केलेला पिस्टन अडवून धरणाऱ्या खटक्यावरच्या, घर्षणाचा, कारण या स्वस्त रचनेत मेनस्प्रिंगचा (पिस्टन ढकलणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) अख्खा भार एकाच सिअरवर टेकलेला असतो. म्हणून परतीची स्प्रिंग कापून ट्रिगर हलका होत नाही. लोक कापतात मात्र तीच, कारण हाताला तीच आधी लागते.

त्यानंतर ठोका-चाचणी: नुसत्या धक्क्याने रायफल उडते का ते पाहायचं. खरं तर ती सर्वात आधी करायची. त्या दिवशी क्रम उलटा झाला. रायफल कॉक केली, छर्रा भरला (भरताना दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरलेलीच ठेवायची, सिअर सुटला तर बॅरल झटक्याने मिटते आणि बोट जातं), बॅरल मिटवली, नळी ट्रॅपमध्ये टेकवली आणि बोट ट्रिगरपासून लांब ठेवून दस्त्यावर रबरी हातोड्याने हलके ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला रायफल उडाली. चौदा वर्षांचा मुलगा ही रायफल रोज भरत होता.

दस्ता काढला. पुढचं काम स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय करायचं नाही. ब्लॉकची पिन निघाली की मेनस्प्रिंग दोन-अडीच इंच मागे झेपावते. सुताराचा सॅश क्लॅम्प आणि खाच पाडलेला लाकडी ठोकळा एवढ्यात भागतं.

आत तीन गोष्टी सापडल्या. परतीच्या स्प्रिंगचे दोन वेढे पक्कडीने कापलेले, त्यामुळे ट्रिगर पूर्ण परत येत नव्हता आणि सिअर अर्धवटच अडकत होता. सिअरची कड कानशीने घासून गोल केलेली. आणि ट्रिगरची एक बाजू त्याच्या घरावर (तो बसतो त्या लोखंडी खोक्यावर) घासून चकचकीत झालेली, त्यावर सुकलेलं ग्रीस आणि गंज. मूळ जडपणा या तिसऱ्या गोष्टीचा. पहिल्या दोन कुणीतरी नंतर केलेल्या 'दुरुस्तीच्या'.

घासलेला सिअर वाचवता येत नाही. त्याचं कडक कवच फार पातळ असतं. ते गेलं की खालचं मऊ लोखंड महिनाभरात झिजतं. नवा सिअर 220 रुपयांना मिळाला. परतीची स्प्रिंग वागळे इस्टेटमधल्या स्प्रिंगवाल्याकडून आणली, कापलेलीची तार आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून, वेढे दोन जास्त धरून: 15 रुपये. ट्रिगर बाजूला कलू नये म्हणून पिनेवर दोन्हीकडे 0.1 मिमी पितळी शिमचे (पातळ पत्र्याचे) वायसर कापून घातले. घराच्या आतल्या भिंती आणि पिना 1000 आणि मग 2000 नंबरच्या वॉटर पेपरने, तेल लावून साफ केल्या. सिअरच्या पकडीच्या कडेला पेपर लावलाच नाही. तिथे सुईच्या टोकावर मावेल इतकं मोली ग्रीस, बस. तेल सढळ हाताने ओतलं की ते पिस्टनपुढे जातं, दाबाने पेटतं, धूर येतो आणि सील खराब होतं.

जोडल्यावर दहा वाचनं 2.0 ते 2.2 किलो. वीस ठोके आणि दहा वेळा बॅरल जोरात मिटवून पाहिली, रायफल गप्प राहिली.

वडिलांना एक किलो हवा होता. "मॅचच्या रायफलींना तर याहून कमी असतो ना?" असतो, पण त्यांच्या ट्रिगरमध्ये मध्ये आणखी लीव्हर असतात, बोटापर्यंत भार वाटून येतो. इथे एकच सिअर. कमी ताण म्हणजे कमी पकड, आणि अशा रायफलीवर दीड किलोच्या खाली मी जात नाही. ते फारसे खूश झाले नाहीत.

मजुरी धरून 480 रुपये झाले. नवा सिअर बसतो तसा ताण थोडा बदलतो, म्हणून 200 छर्र्यांनंतर परत बोलावलं. तेव्हा वाचनं 1.9 ते 2.0 आली. पुन्हा वीस ठोके दिले आणि रायफल मुलाच्या हातात दिली.